सेरोटोनिनचा सिद्धांत पडला, मग माझ्या गोळीचं काय?

वाचकाचं पत्र (सारांश, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या ताई छत्तीस वर्षांच्या, सातारा जिल्ह्यात एका सहकारी बँकेत नोकरीला. घरी नवरा, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. सव्वा वर्षापूर्वी त्यांची झोप उडाली. कॅश काउंटरवर हात थरथरू लागले, कशात मन लागेना, रविवारच्या दुपारी कारण नसताना रडू येई. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनचं निदान करून एस्सिटालोप्रामची दहा मिलिग्रॅमची रोजची गोळी सुरू केली. "मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, ते भरून काढायचंय," असं त्यांनी समजावलं. (सेरोटोनिन म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन.) ताईंनी तेच वाक्य घरी सांगितलं. सासूबाई स्वतः रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेतात, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं आणि "हिला फार लावून घ्यायची सवय आहे" हे बोलणं बंद झालं. गेले आठ-नऊ महिने तब्येत चांगली आहे. एकच तक्रार: मुलीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा आनंद झाला, पण "काचेपलीकडून बघितल्यासारखा".

दिवाळीत बेंगळुरूहून आलेल्या दिरांनी एक व्हिडिओ दाखवला. सेरोटोनिनच्या कमतरतेने डिप्रेशन येतं याला पुरावाच नाही, असं २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलंय. शिवाय या गोळ्यांनी मेंदूतले रिसेप्टर (असे निरोप झेलणारी, पेशीवरची प्रथिनं) कायमचे निकामी होतात आणि व्यसन लागतं, असंही त्यात होतं. एका मावसबहिणीने सेरोटोनिनची रक्ततपासणी करून घ्यायला सुचवलं. ताईंनी डॉक्टरांना न सांगता गोळी एक दिवसाआड केली. दोन आठवड्यांत चक्कर येऊ लागली, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसतो, चित्रविचित्र स्वप्नं पडतात. गोळीच्या दिवशी बरं वाटतं.

त्या विचारतात: "म्हणजे व्यसन लागलंच ना? डॉक्टरांनी मला फसवलं का? मला आजार होता की नव्हता? आणि आता गोळी घेऊ की सोडू?"

उत्तर

ताई, आधी चक्कर. तुम्ही स्कूटीवरून बँकेत जाता असं पत्रात आहे, आणि मला त्या व्हिडिओपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. एस्सिटालोप्राम शरीरातून साधारण तीस तासांत निम्मं होतं. रोज घेतलं तर त्याची पातळी बऱ्यापैकी सपाट राहते. एक दिवसाआड घेतलं तर दुसरी गोळी पोटात जाईपर्यंत पातळी जवळजवळ एक तृतीयांशावर येते, मग पुन्हा वर उडी घेते. तुम्हाला वाटलं आपण हळूहळू कमी करतोय. प्रत्यक्षात मेंदूला दर दोन दिवसांनी खाली-वर करताय. आजच डॉक्टरांना फोन करा आणि काय केलंत ते सरळ सांगा. बहुधा ते रोजची गोळी पुन्हा सुरू करायला सांगतील आणि झटके थोड्याच दिवसांत थांबतील. लाज बाळगू नका. न विचारता गोळी कमी करणारे रुग्ण त्यांच्याकडे दर आठवड्याला येतात. चक्कर थांबेपर्यंत स्कूटी नवऱ्याकडे द्या.

आता व्यसनाचं. व्यसनात माणसाला त्या वस्तूची ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते, तिच्यापायी बाकीचं सुटत जातं. तुम्ही सुरुवातीपासून दहा मिलिग्रॅमच्या वर गेला नाहीत आणि गोळी कधी एकदा सुटते असं तुम्हाला झालंय. व्यसनी माणूस असा नसतो. मात्र व्हिडिओतली एक गोष्ट खरी आहे आणि ती डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगायला हवी होती: ही औषधं एकदम थांबवली की काहींना त्रास होतो. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार, औषधाच्या खात्यावरच मांडता येईल असा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला होतो. चक्कर, विजेसारखे झटके, चिडचिड, रंगीत स्वप्नं. तुमची यादी हुबेहूब तीच आहे.

मी डॉक्टर म्हणून रुग्ण तपासत नाही. बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवत होते, आणि सेरोटोनिनचा धडा माझ्या आवडीचा. त्यामुळे इथे जरा लांबण लागेल. पण तुमचा प्रश्न नुसत्या धीराच्या शब्दांनी सुटणारा नाही.

"सेरोटोनिन कमी झालंय" ही गोष्ट आली कुठून? तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि ही वनस्पती जगभर गेली. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याविषयी लिहिलं होतं, रक्तदाबासाठीही आणि वेडासाठीही. पण बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसरपीन वेगळं काढलं. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रेसरपीन दिलेल्या प्राण्यांमधला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. इकडे रक्तदाबासाठी रेसरपीन घेणारे काही रुग्ण उदास होत असल्याच्या नोंदी येतच होत्या.

दुसरं टोक क्षयरोगाच्या दवाखान्यात. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ च्या सुमारास क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते. ते घेणारे काही रुग्ण भलतेच खुशीत दिसू लागले. पुढे कळलं, की हे औषध सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या निरोप नेणाऱ्या रसायनांना मोडणारं एन्झाइम अडवतं.

आता हे दोन तुकडे जोडा. एक औषध साठा रिकामा करतं आणि माणूस खचतो. दुसरं साठा टिकवतं आणि माणूस खुलतो. म्हणजे डिप्रेशन म्हणजे कमतरता! इतकं सुबक, की वर्गात शिकवताना फळ्यावर दोन बाणांत मावायचं. गोम अशी, की रेसरपीन एकट्या सेरोटोनिनला रिकामं करत नाही. नॉरॲड्रेनलिन आणि डोपामीनचाही तोच हाल करतं. त्याच पुराव्यावरून १९६५ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनलिनला धरलं, आणि १९६७ मध्ये ब्रिटनच्या ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनला. पुरावा एक, आरोपी दोन! रेसरपीनमुळे डिप्रेशन येतं हे निरीक्षणही नंतरच्या तपासण्यांत डळमळीत ठरलं. खचलेल्या माणसाच्या मेंदूत कुणी सेरोटोनिनची तूट मोजली आणि मग ती भरायला औषध शोधलं, असं कधी झालं नाही. औषधं योगायोगाने हाती लागली. ती का चालतात याचा शोध मागाहून सुरू झाला. पुढे सेरोटोनिनवरच नेम धरून बनवलेलं फ्लुऑक्सेटिन आलं, १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आणि "रासायनिक असमतोल" हे शब्द तिकडच्या जाहिरातींतून घराघरांत गेले. तिथून ते आपल्या ओपीडीत आले. बाहेर चाळीस रुग्ण बसलेले असताना दोन मिनिटांत सांगता येईल असं दुसरं वाक्य तुमच्या डॉक्टरांपाशी नव्हतं. मला ते वाक्य आवडत नाही, पण त्याला फसवणूक म्हणवत नाही.

आता रिसेप्टरकडे येऊ, कारण दिरांच्या व्हिडिओत सर्वांत मोठा घोळ तिथेच आहे.

सेरोटोनिन स्वतः काही करत नाही. दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत ते सुटतं, पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, आणि पुढे काय घडायचं ते तो रिसेप्टर ठरवतो. हे रसायन १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला आधी रक्तात सापडलं. मेंदूत आहे हे बेटी ट्वॅरॉग यांनी १९५३ मध्ये दाखवलं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आजही आतड्यातच असतं. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, काही लाख फक्त. एकूण पेशी सुमारे ८,६०० कोटी, त्यांत या काही लाख, पण त्यांचे धागे मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोचतात. १९५७ मध्ये एडिनबरात गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून सांगितलं, की सेरोटोनिनचे रिसेप्टर एक नव्हे, दोन प्रकारचे असावेत. आज ती संख्या चौदाच्या घरात आहे, सात घराण्यांत वाटलेली.

आणि या चौदांपैकी काहींशी तुमची ओळख आहे. मुलीला उलट्या होत असताना डॉक्टरांनी दिलेलं ऑनडान्सेट्रॉन आठवतं? ते तीन नंबरचा सेरोटोनिन रिसेप्टर अडवतं. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान वन-बी आणि वन-डी नावाच्या रिसेप्टरांना चेतवतं. जुनाट बद्धकोष्ठतेवरचं प्रुकॅलोप्राइड चार नंबरवर काम करतं. स्किझोफ्रेनियातलं क्लोझापीन टू-ए ला अडवतं, तर ज्यांना जादूई मश्रूम म्हणतात त्यांतला अंमल त्याच टू-ए ला चेतवून येतो. टू-बी चेतवला गेला तर काय होतं हे वजन कमी करणाऱ्या फेनफ्लुरामीनने दाखवलं: हृदयाच्या झडपा जाड होऊ लागल्या आणि १९९७ मध्ये ते औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं. म्हणजे "सेरोटोनिन कमी आहे की जास्त?" हा प्रश्नच अर्धवट आहे. मेंदूच्या कुठल्या भागात, कुठल्या रिसेप्टरवर, कधी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. सेरोटोनिनला "हॅपी हार्मोन" म्हणून केळी खायला सांगणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळं खा, चांगलं असतं, एवढंच.

तुमची गोळी कुठल्याच रिसेप्टरला थेट हात लावत नाही. सुटलेलं सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, त्या ट्रान्सपोर्टरला ती अडवते, आणि हे पहिल्या काही तासांतच होतं. तरी बरं वाटायला तीन-चार आठवडे का लागले? निव्वळ तूट भरायची असती तर दुसऱ्याच दिवशी बरं वाटायला हवं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून असं दिसतं, की सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवर वन-ए नावाचे रिसेप्टर पहारा देतात. भोवती सेरोटोनिन वाढलं की ते पेशींना "हात आखडा" म्हणून सांगतात, आणि सुरुवातीला त्यांचं काम मंदावतं. दोन-तीन आठवड्यांत हे पहारेकरी बोथट होतात, पेशी पूर्ववत काम करू लागतात, आणि त्याबरोबर मेंदूतल्या जोडण्यांमध्येही बदल होऊ लागतात. पहिल्या आठवड्यात तुम्हाला मळमळ झाली असेल तर ती आतड्यातल्या तीन नंबरच्या रिसेप्टरची करामत.

म्हणून "रिसेप्टर निकामी होतात" हे अर्धसत्य आहे. रिसेप्टरांची संख्या आणि संवेदना बदलते, हे खरंच. औषध काम करतं ते बहुधा त्यातूनच. पण ते जळून जात नाहीत. पेशी त्यांना सतत बनवत आणि मोडत असतात, आणि औषध हळू काढलं तर त्या पुन्हा जुळवून घेतात. तुम्हाला बसणारे झटके हे त्या जुळवाजुळवीला वेळ न दिल्याचं लक्षण. एक अपवाद मात्र लपवणार नाही: थोड्या लोकांमध्ये लैंगिक इच्छा किंवा संवेदना कमी होण्याचा त्रास औषध थांबवल्यावरही टिकल्याच्या नोंदी आहेत, आणि २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने हा इशारा माहितीपत्रकात घालायला सांगितला. आपल्याकडे हा विषय ना रुग्ण काढतो ना डॉक्टर. काढावा.

२०२२ चा तो लेख मी वाचला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी मॉलिक्युलर सायकियाट्रीत तो लिहिला. रक्तातलं आणि मणक्यातल्या द्रवातलं सेरोटोनिन, रिसेप्टर, ट्रान्सपोर्टर, जनुकं अशा सगळ्या बाजूंचे आधीचे अभ्यास एकत्र पाहून त्यांनी म्हटलं, की डिप्रेशन सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे येतं याला सुसंगत पुरावा नाही. त्यावर वादही झाला. पुरावा तोलण्याची पद्धत चुकली, असं २०२३ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून लिहिलं. त्याआधी, २०२२ मध्येच, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या एका छोट्या पेट-स्कॅन अभ्यासात, सतरा उदास आणि वीस निरोगी लोकांत, उदास गटात सेरोटोनिन सुटण्याची क्षमता कमी दिसली. सतरा माणसांवरून निकाल लागत नाही, पण खटला बंद झालेला नाही हेही खरं. सरळसोट कमतरतेचा सिद्धांत तर या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांनी फार आधीच सोडून दिला होता.

दिरांनी ज्याकडे काणाडोळा केला ते हे: त्या लेखाने औषधाचा उपयोग होतो का हे तपासलेलंच नव्हतं. तो प्रश्न वेगळा आणि त्याचा पुरावाही वेगळा. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. एकवीस औषधं तपासली. एकवीसही प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली, एस्सिटालोप्राम त्यांतच. पण "सरस" म्हणजे किती? सरासरी फरक माफक. त्या चाचण्याही बहुतेक आठेक आठवड्यांच्या. साध्या साखरेच्या गोळीवरही पुष्कळांना बरं वाटतं. तुमच्या सुधारण्यात गोळीचा वाटा किती, काळाचा किती, आणि घरातले टोमणे थांबले त्याचा किती, हे तुमच्या एकटीच्या बाबतीत कुणीही सांगू शकणार नाही. तसं सांगणाऱ्यापासून, मग तो गोळीच्या बाजूचा असो की विरोधातला, जरा लांब राहा.

"मला आजार होता की नव्हता?" हे वाचून मी थांबले. ताई, तुमचं निदान सेरोटोनिन मोजून केलंच नव्हतं. सासूबाईंच्या थायरॉईडचा आकडा, टीएसएच, कागदावर येतो, तसा तुमचा कुठलाच आकडा आला नव्हता. डॉक्टरांनी तुमची झोप, भूक, थरथर, रडू, किती आठवडे चाललंय, कामावर काय परिणाम झालाय, हे पाहून निदान केलं. डिप्रेशनचं निदान सगळीकडे असंच होतं. मग सेरोटोनिनचा सिद्धांत राहिला काय आणि पडला काय, त्या निदानातली एक ओळही खोडली जात नाही.

मला वाटतं, तुम्हाला खरी भीती निराळीच आहे. ते वाक्य घरात तुमची ढाल झालं होतं. रसायन कमी झालं म्हणजे दोष तुमचा नाही. रसायन कमी नव्हतं म्हणजे पुन्हा "लावून घ्यायची सवय". पण यात एक गृहीत लपलंय: शरीरात काहीतरी तुटलेलं दाखवता आलं तरच दुःख खरं, नाहीतर ते नखरे. हे गृहीत सासूबाईंचं आहे असं तुम्ही लिहिता. मला तुमच्या पत्रात ते तुमचंही दिसतं.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं याच प्रदेशात काम चाललंय. २०२२ चा जीवशास्त्राचा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. जन्मानंतरच्या दिवसांत आईपासून वेगळं केलेल्या उंदरांच्या पिलांमध्ये मोठेपणी टू-ए रिसेप्टरचं वागणं बदललेलं त्यांच्या गटाला दिसलं. सेरोटोनिन याच रिसेप्टरमार्फत चेतापेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांची, वाढ घडवतं, हेही त्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. उंदरांवरून माणसावर उडी मारायची नसते. तरी यातून एवढं कळतं, की अनुभव रिसेप्टरपर्यंत पोचतो. "मनाचं आहे की रसायनाचं?" असं विचारायला तिथे जागाच उरत नाही.

आणि कमतरतेच्या गोष्टीने तुमचं थोडं नुकसानही केलं असावं. तुमच्या चार पानी पत्रात सेरोटोनिन अकरा वेळा आलंय. ज्या वर्षी झोप उडाली त्या वर्षी बँकेत, घरात, तुमच्या आयुष्यात काय चाललं होतं, याबद्दल एक वाक्य नाही. कदाचित काहीच नसेल; असंही होतं. पण कुणी विचारलं होतं का? समुपदेशकाकडे गेल्याचाही उल्लेख नाही. सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या) पद्धतशीर बोलण्याच्या उपचारांचा उपयोग औषधाइतका होतो असं अभ्यास सांगतात, आणि पुन्हा खचण्याचा धोकाही त्याने कमी होतो. सातारा भागात खाजगी समुपदेशक सापडणं जड जात असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर गोळी-रिसेप्टरचा हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि तोच नंबर आत्ता लावा, किंवा घरातल्या कुणाला तरी घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांना सेरोटोनिनची गरज नाही. त्यांनी तुमचे थरथरणारे हात पाहिलेत. "तेव्हा मला बरं नव्हतं, उपचाराने बरं वाटलं, डॉक्टर म्हणतील तेव्हा गोळी कमी करू." इतकं पुरे. कारण विचारलं तर "कारण एकच नसतं, असं डॉक्टर म्हणतात" म्हणा. ते खरंही आहे.

मग घेऊ की सोडू? पहिल्याच वेळचं डिप्रेशन असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर आणखी सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. तुमचे ते महिने भरत आलेत. म्हणजे सोडण्याचा विचार अवाजवी नाही. चुकली ती पद्धत. निर्णयाला एक आकडा कामाला येईल. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि आता बरं वाटत असलेल्या ४७८ लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं औषध दोनेक महिन्यांत कमी करत थांबवलं, निम्म्यांचं चालू ठेवलं. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा खचले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. हे दोन्ही बाजूंनी वाचा. थांबवण्यात धोका नक्की वाढतो. पण थांबवूनही ४४ टक्के ठीक राहिले, आणि गोळी चालू असूनही ३९ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षं औषधावर होते, अनेकांना आधी एकाहून जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं. तुमची पहिलीच खेप असेल तर हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होणार नाहीत. आधी कधी, कॉलेजात किंवा बाळंतपणानंतर, असं झालं होतं का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. उत्तर त्यावर बदलेल. आयुष्यात कधी याच्या उलट, झोपेची गरजच न वाटणारा, अंगात वारं शिरल्यासारखा काळ येऊन गेला असेल तर तेही सांगा.

तिसरा रस्ताही आहे. "काचेपलीकडून" आनंद, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला ते महत्त्वाचं वाटलं. भावना बोथट होणं ही या औषधांची नेहमीची तक्रार आहे आणि अनेकदा मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर ती जाते. ती तक्रार डॉक्टरांकडे या शब्दांतच न्या. सोडायचं की ठेवायचं यापेक्षा ती त्यांना जास्त उपयोगाची माहिती देईल.

कमी करायचं ठरलं तर ते कसं, याचं उत्तरही ट्रान्सपोर्टरमध्ये आहे. तुमच्या औषधाचं भावंड सिटालोप्राम घ्या. वीस मिलिग्रॅमला ते सुमारे ८० टक्के ट्रान्सपोर्टर अडवतं. नऊच्या आसपास आणलं तरी ७० टक्के. साडेतीनच्या जवळपास मात्र ५०. म्हणजे वीसवरून नऊवर येताना दहा टक्क्यांचा फरक, आणि शेवटच्या साडेतीनवरून शून्यावर येताना तब्बल पन्नासचा. म्हणून लोकांना पहिली अर्धी गोळी सोडताना काही वाटत नाही आणि शेवटच्या तुकड्याला चक्कर येते. उतरताना पायऱ्या शेवटी शेवटी लहान लहान हव्यात, आणि प्रत्येकीवर काही आठवडे थांबायला हवं. ते कसं जमवायचं हे डॉक्टर ठरवतील. घरी गोळीची पूड करून चिमटीने मोजू नका. मुहूर्तही बघा. बँकेत असल्यामुळे तुम्हाला सांगायला नको, पण मार्च एंडिंगच्या तोंडावर हा उद्योग नको. एप्रिल उजाडू दे, मुलीची परीक्षा संपू दे.

कमी करताना त्रास झालाच, तर तो औषध सुटण्याचा की आजार परतण्याचा, हे बहुधा वेळेवरून ओळखता येतं. मात्रा कमी केल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर आणि झटके आले आणि मात्रा वाढवताच दिवस-दोन दिवसांत गेले, तर ते सुटण्याचे. काही आठवड्यांनी, हळूहळू, ओळखीची उदासी आणि उडालेली झोप परत येऊ लागली, तर ती तक्रार जुनी. एक वही करा, रोज दोन ओळी पुरेत. आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा, कारण खचत जाणाऱ्याला ते स्वतःला सर्वांत उशिरा कळतं. मी तर म्हणेन, हे काम दिरांना द्या. व्हिडिओ पाठवण्यापेक्षा दर रविवारी फोन करून "कशी आहेस वहिनी?" विचारणं त्यांना जमेल, आणि माणूस काळजीपोटीच बोललाय.

अशाच गोळ्या घेणाऱ्या इतरांसाठी एक ओळ: दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं सांगा. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांबरोबर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो, आणि आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या सतत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

मावसबहिणीची रक्ततपासणी राहिली. करू नका. रक्तातलं सेरोटोनिन जवळजवळ सगळं प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांमध्ये, असतं आणि त्यावरून मेंदूतलं काही कळत नाही. गंमत म्हणजे प्लेटलेटनाही तोच ट्रान्सपोर्टर लागतो, आणि तुमची गोळी तोही अडवते. त्यामुळे गोळी घेणाऱ्याच्या रक्तात सेरोटोनिन कमीच दिसतं. तो रिपोर्ट घरात आला तर सासूबाई त्याचा एक अर्थ काढतील, दीर दुसरा, आणि दोन्ही चुकीचे असतील. सुरुवातीला टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह तपासलं नसेल तर त्याबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा. थकवा आणि उदासीमागे कधी कधी तेही असतं. सासूबाईंचा थायरॉईड तपासायचाच असतो. दोघींनी एकदमच उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन या.